लाइक देणारे आणि काम देणारे

प्रश्न : मी इंग्रजी–मराठी फ्रीलान्स अनुवादक आहे. बहुतेक काम वैद्यकीय असतं : क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषध-उपचारांच्या चाचण्यांची संमतीपत्रं, रुग्णांसाठीच्या माहितीपत्रिका, प्रश्नावल्या. सगळी मिळकत दोन एजन्सींवर अवलंबून आहे. त्यातल्या एकीने आता कळवलंय की यापुढे मशीनने केलेला अनुवाद दुरुस्त करण्याचंच काम जास्त असेल आणि दरही कमी असेल. नवे ग्राहक मिळावेत म्हणून वर्षभर मी लिंक्डइनवर जवळपास रोज पोस्ट टाकतेय. अनुवाद दिनाच्या शुभेच्छा, अनुवादक आणि दुभाषा यांतला फरक, मशीनच्या गमतीदार चुका वगैरे. फॉलोअर तीन हजारांवर गेले, लाइकही येतात, पण काम एकही आलं नाही. एक मैत्रीण म्हणते, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे दिसायला हवं. दुसरी म्हणते, केलेल्या कामाचे स्क्रीनशॉट टाक, म्हणजे लोकांना दर्जा कळेल. मी स्वभावाने बुजरी आहे, या सगळ्याचा मला शीण येतो. पूर्वी एका एजन्सीतल्या प्रोजेक्ट मॅनेजरशी माझं छान जुळायचं. त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या. त्यांना लिहावंसं वाटतं, पण काम मागितल्यासारखं दिसेल म्हणून हात थांबतो. आणि परवाच एका अनोळखी एजन्सीने दीड हजार शब्दांची विनामोबदला चाचणी मागितली आहे. कुठून सुरुवात करू? – एक अनुवादक

उत्तर :

बुजरा स्वभाव असूनही तुम्ही वर्षभर लिहीत राहिलात, याबद्दल आधी मनापासून शाबासकी. आता ते लिहिणं कुणापर्यंत पोचलं ते पाहू. फॉलोअरची यादी उघडा आणि पहिली शंभरेक नावं सावकाश वाचा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा : या माणसाच्या टेबलावर कधी मराठीत करून हवं असलेलं संमतीपत्र येतं का? माझा अंदाज असा की बहुतेक नावं अनुवादकांची, अनुवाद शिकणाऱ्यांची आणि हितचिंतकांची निघतील. यात तुमचा दोष नाही. अनुवादक आणि दुभाषा यांतला फरक हा विषयच मुळात अनुवादकांच्या जिव्हाळ्याचा आहे. अशा ट्रायल चालवणाऱ्या संशोधन केंद्रात बसलेल्या बाईंना तो प्रश्न पडतच नाही. शुक्रवारपर्यंत फाइल मिळेल का आणि ट्रायलच्या कागदपत्रांना मंजुरी देणारी एथिक्स कमिटी ती परत तर पाठवणार नाही ना, एवढीच त्यांची काळजी असते. तुम्ही त्या काळजीबद्दल वर्षभरात एकदाही लिहिलेलं नाही.

म्हणजे अडचण पोस्टच्या संख्येची नाही. तुमच्या कामाला दोन वेगवेगळे गोतावळे लागतात, एक सहकाऱ्यांचा आणि एक ग्राहकांचा. त्यांच्याशी बोलायचं वेगळं असतं, भेटायच्या जागा वेगळ्या असतात आणि त्यांच्याकडून काम येण्याचे रस्तेही वेगळे असतात. तुम्ही दोघांसाठी मिळून एकच पोस्ट लिहीत होतात.

ओळखीतून काम कसं येतं याचा चांगला अभ्यास झालेला आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘सैल नात्यांची ताकद’ सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं की ज्याच्याकडून बातमी कळली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले १७ टक्क्यांच्या आत होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले ५५ टक्क्यांहून थोडे जास्त, आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून कळलेले जवळपास २८ टक्के. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी येते ती जरा लांबच्या माणसाकडून. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांच्या माहितीवर याचीच मोठी पडताळणी झाली. तिच्यातही घट्ट नात्यांपेक्षा काहीशी सैल नाती नोकरी बदलण्यात अधिक उपयोगी ठरली, मात्र अगदीच नावापुरती ओळख तितकी कामाची नव्हती. हे दोन्ही अभ्यास नोकरीचे आहेत, फ्रीलान्स कामाचे नाहीत. पण मी आमच्या धंद्यात जे पाहत आले त्याच्याशी ते जुळतं. काम अशा माणसाकडून येतं, जो तुम्हाला रोज भेटत नाही, पण तुम्ही नेमकं काय करता हे ज्याला पक्कं ठाऊक असतं.

या ‘नेमकं’वर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच अडतं.

तुमच्या तीन हजार माणसांपैकी कुणालाही उद्या विचारलं, ‘ही बाई काय करते?’, तर उत्तर येईल, ‘अनुवाद करते.’ त्या उत्तरावर कुणी काम पाठवत नाही. ‘क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं इंग्रजीतून मराठीत करते’ हे उत्तर आलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात तुमच्या नावाला जागा मिळते. म्हणून प्रोफाइलची हेडलाइन आजच बदला. तिथे २२० अक्षरं मिळतात, ती ‘शब्दांवर प्रेम करणारी’ किंवा ‘संस्कृतींमधला पूल’ यावर खर्च करू नका. ‘इंग्रजी–मराठी वैद्यकीय अनुवादक. क्लिनिकल ट्रायलची संमतीपत्रं, रुग्णमाहिती, प्रश्नावल्यांचं भाषिक प्रमाणीकरण’ इतकं कोरडं लिहा. (भाषिक प्रमाणीकरण म्हणजे अनुवादित प्रश्नावली रुग्णाला मूळ अर्थानेच कळते ना, याची टप्प्याटप्प्याने खात्री करणं.) ग्राहक परभाषक असेल तर हेच इंग्रजीत लिहा आणि मराठीतली प्रोफाइल जोडीला ठेवा, तशी सोय तिथे आहे. शोधणारा माणूस भाषाजोडी आणि विषय टाकून शोधतो, पूल शोधत नाही. खालच्या परिचयाच्या मजकुरातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं वाचायला क्लिक करावं लागतं. तेव्हा भाषा लहानपणापासून कशी आवडायची ही गोष्ट शेवटी जाऊ द्या. वर लिहा की कुठल्या प्रकारचे दस्तऐवज करता, कुठली सॉफ्टवेअर वापरता आणि संपर्क कसा करायचा.

आता सहकारी. तुमच्या पत्रात कुठेतरी असा सूर आहे की हे सगळे अनुवादक जमवून काय उपयोग. मला ते पटत नाही. सहकाऱ्यांकडून येणारं काम हे सगळ्यांत चांगलं काम असतं. ते आधीच पारखलेलं असतं, ग्राहक कसा आहे हे कळलेलं असतं आणि दराची घासाघीस कमी असते. ते कसं येतं ते बघा. एकीकडे मोठी फाइल आली, एकटीने वेळेत होणार नाही, अर्धी कुणाला द्यायची? एखादी आजारी पडली किंवा सुट्टीवर निघाली, तेवढे दिवस तिचा ग्राहक कोण सांभाळेल? हिंदीत काम करणाऱ्याला ग्राहकाने विचारलं, मराठीसाठी कुणी आहे का? आणि कुणाला दुसरी नजर हवी असते. अनुवाद सेवांसाठीचं आयएसओ १७१०० हे मानक २०१५ मध्ये आलं. त्यात अनुवाद मूळ मजकुराशी ताडून दुसऱ्या व्यक्तीने तपासणं बंधनकारक आहे. म्हणजे त्या मानकानुसार चालणाऱ्या प्रत्येक कामात किमान दोन भाषाजाणकार लागतात. ज्या सहकाऱ्याने तुमचं काम एकदा तपासलं, त्याला तुमची परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही.

यासाठी तीन हजार माणसं लागत नाहीत, पंधरा-वीस पुरतात. तुमच्याच भाषाजोडीतले पण विषय वेगळा असलेले काही, तुमच्याच विषयातले पण भाषा वेगळी असलेले काही, आणि तुमचीच जोडी, तुमचाच विषय असलेले दोन-तीन. या शेवटच्यांना अनेक जण स्पर्धक समजून टाळतात. माझा सल्ला नेमका उलटा आहे. तुम्हाला न झेपणारं काम फक्त त्यांनाच देता येईल, आणि त्यांना न झेपणारं फक्त तुम्हाला. त्यांच्याशी ओळख वाढवायची उत्तम जागा म्हणजे जिथे शब्दांवरून डोकेफोड चालते ती. १९९९ पासून चालत आलेल्या प्रोझ या संकेतस्थळावर कुडोझ नावाचा भाग आहे. तिथे अडलेली संज्ञा विचारतात, बाकीचे पर्याय सुचवतात आणि विचारणारा त्यातला एक निवडतो. तिथे मिळणाऱ्या गुणांच्या मागे फार लागू नका. उत्तरासोबत तुम्ही जे कारण देता, संदर्भ देता आणि दुसऱ्याचा पर्याय सरस असेल तर तसं मोकळेपणाने म्हणता, त्यावरून वाचणारे तुमची पारख करत असतात. बुजऱ्या माणसाला ही जागा मानवते. तिथे स्वतःबद्दल बोलायचं नसतं, समोरच्या प्रश्नाबद्दल बोलायचं असतं.

आणि काम पाठवायची वेळ तुमच्यावर आली की हात आखडू नका. ग्राहकाने तमिळसाठी विचारलं तर ‘माझं क्षेत्र नाही’ म्हणून मेल संपवू नका, ज्याचं काम तुम्हाला माहीत आहे असं एक नाव द्या. ग्राहक तुम्हाला विसरत नाही आणि तो सहकारीही विसरत नाही. मात्र ज्याचं काम पाहिलेलं नाही त्याचं नाव नुसत्या मैत्रीखातर देऊ नका, त्यात तुमचीच पत पणाला लागते.

थेट ग्राहक ही जास्त चिवट गोष्ट आहे. ते अनुवादकांच्या गटात नसतात, ते त्यांच्या धंद्याच्या चर्चेत असतात. तुमच्या बाबतीत ते म्हणजे क्लिनिकल ट्रायल चालवणाऱ्या कंपन्यांमधले प्रोजेक्ट मॅनेजर, नियामक परवानग्यांचं काम पाहणारे, वैद्यकीय लेखक, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांमधले दस्तऐवज विभाग आणि संशोधन केंद्रांचे समन्वयक. त्यांना फॉलो करा, त्यांच्या संघटनांची पानं वाचा. आधी काही आठवडे नुसतं वाचा. त्यांची भाषा, कुरबुरी आणि घाईचे दिवस तुम्हाला कळू लागतील. मग जिथे भाषेचा प्रश्न निघेल तिथे दोन-चार ओळींची नेमकी कमेंट करा. ‘छान पोस्ट’ किंवा हात जोडलेलं चिन्ह ही कमेंट नव्हे. स्वतःच्या पोस्टपेक्षा अशा कमेंटचा उपयोग जास्त होतो, कारण तिथे वाचक आधीच जमलेला असतो आणि तो तुम्हाला हवा तोच असतो.

तुम्ही स्वतः काय लिहावं, याची तुमच्या विषयातली काही उदाहरणं देते. प्रश्नावलीचं भाषिक प्रमाणीकरण करताना दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मग उलटा, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत अनुवाद आणि शेवटी पाच ते आठ रुग्णांकडून प्रत्यक्ष वाचून घेऊन त्यांना काय कळलं हे विचारणं, असे टप्पे असतात. या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं ‘इस्पोर’ या संस्थेच्या कार्यगटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केली. नव्याने या कामात आलेल्या समन्वयकाला अनेकदा वाटतं की दोन दिवसांत फाइल परत येईल. त्याच्यासाठी ‘या प्रश्नावलीला एवढा वेळ का लागतो’ अशी एक पोस्ट लिहा. दुसरी अशी की अनेक प्रश्नावल्यांवर कॉपीराइट असतो आणि त्यांचा मराठी अवतार कधीकधी आधीच तयार असतो, तेव्हा अनुवाद सांगण्याआधी मूळ हक्कदारांकडे चौकशी करा. ‘मग काम माझ्या हातून जाईल’ असं वाटेल तुम्हाला. ते एक काम जाईल, पण ज्याचा खर्च वाचवला तो माणूस पुढच्या वेळी सल्ला विचारायला तुमच्याकडेच येईल. तिसरी, संमतीपत्राची आवृत्ती बदलली तर बदल दाखवणारी फाइल पाठवा, नाहीतर सबंध दस्तऐवज पुन्हा ताडून पाहावा लागतो, आणि तळटीपेतला आवृत्तिक्रमांक व तारीख अनुवादातही बदलायला विसरू नका. चौथी तर प्रत्येक मराठी अनुवादकाच्या जिव्हाळ्याची आहे. पानं लावून झाल्यावर मजकूर एकदा अनुवादकाला दाखवा, कारण देवनागरी न वाचता येणाऱ्याच्या हातून जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि हे फक्त वाचणाऱ्यालाच दिसतं. अशी एक पोस्ट पंधरा दिवसांतून आली तरी भरपूर झालं. रोजची सक्ती सोडा. रोज लिहिण्याच्या नादात माणूस सोपे विषय शोधतो, आणि सोपे विषय सगळे तुम्ही आधीच वापरलेत.

अनुवाद दिनाबद्दल एवढंच. ३० सप्टेंबरला सगळेच शुभेच्छा देतात. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या दिवसाला मान्यता दिली याचा मला आनंद आहे, पण त्या गर्दीत तुमची पोस्ट कुणाला दिसणार नाही. ग्राहकासाठीचं लेखन इतर दिवशी करा.

स्क्रीनशॉट मात्र अजिबात टाकू नका. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, सल्ला घातक आहे. तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि केली नसेल तरी आपल्या व्यवसायाची रीत तीच आहे. आंतरराष्ट्रीय अनुवादक महासंघाने १९६३ मध्ये दुब्रोवनिक इथे स्वीकारलेल्या सनदेतही, कामातून कळलेली माहिती हे व्यावसायिक गुपित मानून जपावं असं म्हटलंय. न झालेल्या ट्रायलच्या संमतीपत्राची एक ओळ जरी बाहेर गेली, तरी त्यातून औषधाचं नाव, आजार, कंपनी यांचा माग लागू शकतो. एरवीही सावध राहा. ‘आज एका ग्राहकाने काय भयंकर मूळ मजकूर पाठवलाय’ असं नाव न घेता लिहिलं तरी तो ग्राहक स्वतःला ओळखतो, आणि न ओळखणारे इतर ग्राहक मनात म्हणतात, उद्या हिने आमच्याबद्दल असंच लिहिलं तर? गमतीदार चुकांच्या पोस्टचंही तेच. चूक एखाद्या सहकाऱ्याची असू शकते. संज्ञा विचारताना सबंध वाक्य चिकटवू नका, नावं काढून तेवढाच तुकडा द्या. नमुना दाखवायचाच असेल तर कुणाही ग्राहकाचा नसलेला मजकूर घ्या, सार्वजनिक आरोग्याची एखादी खुली माहितीपत्रिका वापराच्या अटी पाहून निवडा, किंवा दोनशे शब्द स्वतः लिहा, त्यांचा अनुवाद करा आणि कुठला निर्णय का घेतला ते शेजारी मांडा. एखाद्या समाधानी ग्राहकाकडून दोन ओळींची शिफारस लिहून घेतलीत तर ती कुठल्याही स्क्रीनशॉटपेक्षा जास्त बोलेल. मागायला संकोच वाटत असेल, तर काम संपल्यावर त्यांनी ‘खूप छान झालं’ असं कळवलं की त्याच उत्तरात विचारा. तेव्हा कुणी नाही म्हणत नाही.

सगळीकडे दिसायला हवं, हे खरं नाही. तुमचे ग्राहक जिथे कामाच्या वेळी असतात, तिथे एका ठिकाणी नीट दिसा, म्हणजे लिंक्डइन. सहकाऱ्यांसाठी दुसरं एखादं ठिकाण. बालपुस्तकं किंवा पाककृती अनुवादित करणाऱ्याला इन्स्टाग्रामचा उपयोग असेल, तुमच्या ट्रायल समन्वयकाला तिथे संमतीपत्र आठवणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही सगळी घरं भाड्याची आहेत. ट्विटरवर वर्षानुवर्षं जमलेला अनुवादकांचा गोतावळा मालकी बदलल्यावर आणि जुलै २०२३ मध्ये नाव ‘एक्स’ झाल्यावर बराच पांगला. ज्यांच्याकडे एकमेकांचे ईमेल होते त्यांची नाती टिकली. म्हणून एक साधी शीट करा : नाव, ईमेल, ओळख कशी झाली, कशाबद्दल बोललो, शेवटचा संपर्क कधी. एक पानी संकेतस्थळही करा, त्यावर तुमचा ईमेल ठळक असू द्या.

ईमेल ठळक ठेवण्याला आणखी एक कारण आहे. आमच्या व्यवसायात बायोडेटा चोरणाऱ्या टोळ्या आहेत. खऱ्या अनुवादकाचा बायोडेटा उचलायचा, त्यात फक्त ईमेल बदलायचा, एजन्सीकडून काम घ्यायचं, मशीनमधून काढून पाठवायचं आणि पैसे घेऊन पसार व्हायचं. बदनामी तुमच्या नावाची होते. तेव्हा सबंध बायोडेटा उघड्यावर ठेवू नका, जन्मतारीख आणि घरचा पत्ता त्यात घालू नका, आणि ‘माझा पत्रव्यवहार याच ईमेलवरून होतो’ असं संकेतस्थळावर लिहून ठेवा. दुसरी फसवणूक ग्राहकाच्या वेषात येते. काम बरंच मोठं असतं, घासाघीस अजिबात नसते, मग ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक येतो आणि ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत पाठवा’ असा निरोप येतो. तुम्ही पाठवता, आणि काही दिवसांनी तो चेक खोटा निघतो.

आता ती चाचणी. चाचणी मागणं गैर नाही, दोन-तीनशे शब्दांची विनामोबदला चाचणी मीही दिली असती. दीड हजार शब्द हे कित्येकांचं दिवसभराचं बरंचसं काम आहे, आणि एकच दस्तऐवज तुकडे करून वेगवेगळ्या उमेदवारांना ‘चाचणी’ म्हणून वाटण्याचे प्रकार होतात. त्यांना लिहा : ‘आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. यातले पहिले २५० शब्द मी चाचणी म्हणून आनंदाने करून देईन. पूर्ण मजकूर हवा असल्यास माझ्या नेहमीच्या दराने करता येईल.’ पाठवण्याआधी कंपनीचा ईमेल तिच्या संकेतस्थळाच्याच नावाचा आहे का ते बघा, आणि प्रोझच्या ब्लू बोर्डवर तिचं नाव शोधा. तिथे अनुवादक एजन्सींना एक ते पाच गुण देतात, ‘यांच्यासोबत पुन्हा काम कराल का’ या एकाच प्रश्नावर. खऱ्या एजन्सीला तुमच्या उत्तराचा राग येणार नाही.

कमी दराच्या पोस्ट-एडिटिंगचं, म्हणजे मशीनचा अनुवाद दुरुस्त करण्याच्या कामाचं काय, हेही तुमच्या मनात आहे. त्यावर लिंक्डइनवर जाहीर संताप काढू नका. तो संताप खरा आहे, मीही त्यात सहभागी आहे, पण ग्राहकाला त्यातून फक्त एवढंच दिसतं की ही व्यक्ती रागावलेली आहे. एजन्सीला शांतपणे सांगा की आलेल्या मजकुराचा दर्जा पाहून तासाच्या हिशोबाने काम करेन, आणि संमतीपत्रासारख्या दस्तऐवजात अर्थ चुकला तर रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तिथे पूर्ण तपासणीशिवाय सही करणार नाही. आज हे म्हणायला तुम्हाला भीती वाटते, कारण दोनच दारं आहेत. पाच-सहा झाली की आवाज आपोआप स्थिर होतो. ओळखी वाढवण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच आहे. नको त्या कामाला नाही म्हणता आलं पाहिजे.

राहिल्या त्या प्रोजेक्ट मॅनेजर. तुम्ही त्यांना पत्राच्या शेवटाकडे टाकलंत, मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. त्यांनी तुमचं काम पाहिलंय. तुम्ही डेडलाइन पाळता, शंका वेळेत विचारता हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. हा विश्वास अनोळखी माणसाकडे कमवायला वर्षं लागतात. शिवाय प्रोजेक्ट मॅनेजर कंपनी बदलतात तेव्हा नव्या जागी त्यांना भरवशाच्या अनुवादकांची यादी पुन्हा उभी करावी लागते. तुमचा मेल त्यांच्या गळ्यात पडणं नसून सोय असू शकते. काम मागितल्यासारखं दिसेल म्हणता, तर थोडंसं दिसू द्या. तुम्ही व्यावसायिक आहात, त्याही आहेत. जुन्या एजन्सीसोबतच्या करारात तिच्या ग्राहकांशी परस्पर व्यवहार न करण्याचं कलम असेल तर ते मात्र आधी वाचून घ्या. बहुतेक वेळा ते एजन्सीच्या ग्राहकांपुरतं असतं, माजी कर्मचाऱ्याशी बोलण्याबद्दल नसतं.

मेल असा लिहा :

‘नमस्कार मॅडम, तुम्ही नव्या जबाबदारीवर रुजू झाल्याचं लिंक्डइनवर पाहिलं, मनापासून अभिनंदन. आपण मिळून केलेलं संमतीपत्रांचं काम मला नेहमी आठवतं, तुमच्या सूचना इतक्या स्पष्ट असायच्या की शंकाच कमी उरायच्या. मी अजूनही इंग्रजी–मराठी वैद्यकीय काम करते, अलीकडे प्रश्नावल्यांच्या भाषिक प्रमाणीकरणाचं काम वाढलं आहे. तुमच्या नव्या टीमला मराठीसाठी कधी कुणाची गरज पडली तर जरूर कळवा. आणि इतर भाषांमधल्या चांगल्या वैद्यकीय अनुवादकांची नावं हवी असतील तर तीही आनंदाने सुचवीन.’

यातलं जे खरं नसेल ते काढून टाका, एखादी दोघींनाच ठाऊक असलेली आठवण घाला, आणि बायोडेटा जोडू नका, त्यांनी मागितला तर पाठवा. सोमवारच्या सकाळी पाठवू नका, तेव्हा त्यांचा इनबॉक्स तुंबलेला असतो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच, दोन ओळींची आठवण करा आणि मग काही महिने थांबा. उत्तर आलं, पण ‘सध्या काही नाही’ असं आलं, तर शीटमध्ये तारीख लिहून ठेवा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला लिहा. अशी अजून दोन-तीन माणसं तुम्हाला आठवतील, खात्रीने.